कापसाची पाण्यावरची वाट
विलायतेच्या नहरी, गोदावरीचे अर्धवट राहिलेले लॉक आणि आपली भिवंडीची खाडी

कापडाच्या धंद्यात दोन भाव असतात. एक माग सोडताना पडतो आणि दुसरा माल गिऱ्हाईकाच्या दारात पोहोचल्यावर पडतो. या दोन भावांच्या मध्ये जे असते त्याला आपण भाडे, हमाली, वेटिंग, टोल अशी निरनिराळी नावे देतो. सुताची पेटी आत येताना हा खर्च लागतो आणि ग्रे कापडाचे तागे प्रोसेसला जाताना पुन्हा लागतो. मागाचा वेग वाढवणे, विजेचा दर, सुताचा दर यांवर आपल्या बाजारात रोज बोलणे होते. वाहतुकीवर मात आपण चिडतो, विचार करीत नाही. अंजूर फाट्यावर किंवा मानकोली नाक्यावर ट्रक दोन तास उभा राहिला की ड्रायव्हरला फोन करतो आणि तेवढ्यावर विषय संपतो.

ज्या मुलुखाने यंत्रावरचे कापड प्रथम जगभर विकले, त्या लँकशायरने आपला धंदा उभा करताना वाहतुकीचा विचार आधी केला. रस्ते वाईट होते म्हणून त्यांनी पाण्याची वाट खोदली. उर्दू शाळेत आम्ही भूगोलात तिला ‘नहर’ म्हणून शिकलो. मराठीत आपण कालवा म्हणतो, पण आपल्या डोळ्यांसमोर शेतीला पाणी देणारा कालवा येतो. विलायतेचे हे कालवे शेतीसाठी नव्हते, माल वाहण्यासाठी होते.

एक घोडा, तीस टन

हिशेब साधा होता. घोड्याच्या पाठीवर लादलेला माल जेमतेम सव्वाशे किलो. तोच घोडा चांगल्या रस्त्यावर गाडीला जुंपला तर टन-दोन टन ओढतो. पण तोच घोडा कालव्याच्या काठाने दोर घेऊन चालला, तर पाण्यावरची पंचवीस-तीस टनांची बोट सावकाश ओढून नेतो. वेग माणसाच्या चालण्याइतका. पण कोळसा, चुना, कापूस, चिनीमाती यांना घाई नसते. त्यांना भाडे कमी हवे असते.

ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर या जमीनदाराच्या वर्स्ली गावी कोळशाच्या खाणी होत्या. मँचेस्टर जवळ होते, पण रस्त्याने कोळसा नेणे महाग पडत असे. जेम्स ब्रिंडली या कारागीर इंजिनियरला हाताशी धरून त्याने कालवा खोदला आणि 1761 साली बोटी सुरू झाल्या. मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. पुढे वाफेच्या इंजिनावर गिरण्या चालू लागल्या, तेव्हा स्वस्त कोळसा त्या शहराच्या दारात अगोदरच पोहोचलेला होता.

लॉक म्हणजे काय?

पाणी उतारावर थांबत नाही. मग डोंगर आला तर बोट वर कशी चढवायची? त्यासाठी लॉक असते. कालव्याच्या वाटेत दगडी भिंतींची, बोट मावेल एवढी एक कोठी बांधतात. तिला दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे असतात. खालून आलेली बोट कोठीत घेतात आणि मागचा दरवाजा लावतात. मग पुढच्या दरवाजाची झडप उघडून वरचे पाणी कोठीत सोडतात. कोठी भरते तशी बोट वर उचलली जाते. पाणी वरच्या पातळीला आले की पुढचा दरवाजा उघडतो आणि बोट पुढे जाते. उतरताना हेच उलट. इंजिन नको, वीज नको. पाण्याचे वजनच काम करते. दरवाजे पाण्याच्या बाजूला टोक करून मिटतात, त्यामुळे पाणी जेवढे जोर करील तेवढे ते घट्ट बसतात.

पण प्रत्येक वेळी लॉक चालवले की वरचे पाणी खाली जाते. लॉकच्या आकाराप्रमाणे एक ते अडीच लाख लिटर. म्हणून कालवा कंपन्यांना डोंगरात तलाव बांधावे लागले. आपण कामतघरचे लोक वऱ्हाळा तलावाच्या काठी राहतो, तलाव म्हणजे काय ठेव असते हे आपल्याला सांगायला नको. असाच एक रुडयार्ड नावाचा तलाव कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकवणाऱ्या किपलिंग साहेबांची आणि त्यांच्या पत्नीची पहिली भेट तिथे झाली होती. 1865 साली मुंबईत त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव त्यांनी त्या तलावावरून ठेवले. तोच लेखक रुडयार्ड किपलिंग.

मागांच्या गावातून गेलेला कालवा

आपल्यासाठी सर्वांत जवळचा कालवा म्हणजे लीड्स-लिव्हरपूल. लांबी 204 किलोमीटर, लॉक 91. काम 1770 ला सुरू झाले आणि 1816 ला पुरे झाले. म्हणजे 46 वर्षे. पैसे संपले, लढाया आल्या. एका टोकाचे लोकरीचे व्यापारी एक मार्ग मागत होते, लिव्हरपूलचे व्यापारी दुसरा. बिंग्ली गावाजवळ एकाला एक लागून पाच लॉकची पायरी आहे. तिथे बोट सुमारे 18 मीटर चढते. ती 1774 पासून आजही चालू आहे.

46 वर्षे लागली तरी कालवा मेला नाही, याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. जो तुकडा तयार झाला तो लगेच चालू केला. बिंग्लीकडचा तुकडा आणि लिव्हरपूल-विगन तुकडा पहिल्या चार-पाच वर्षांतच माल वाहू लागले. मिळालेल्या जकातीतून आणि त्या भरवशावर घेतलेल्या पैशातून पुढचे काम होत राहिले. शेअर घेणारे लोकही त्याच मुलुखातले व्यापारी, खाणवाले आणि जमीनदार. त्यांचाच माल त्यावरून जायचा होता.

हा कालवा बर्न्ली आणि ब्लॅकबर्न या गावांतून जातो. गिरण्या त्याच्या काठाला चिकटून उभ्या राहिल्या. कोळसा बोटीने येई, इंजिनाची वाफ थंड करायला पाणी कालव्याचे घेत. बर्न्लीत छपाईसाठी लागणारे कोरे कापड विणले जाई, म्हणजे आपल्या भाषेत ग्रे. ब्लॅकबर्नमध्ये हिंदुस्थानसाठी धोतरे विणली जात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातमागाला ज्या कापडाने मारले, त्यातले बरेच या पाण्याच्या काठावर तयार झाले. 1931 साली गांधीजी विलायतेत गेले तेव्हा ब्लॅकबर्नजवळच्या डार्वेनला जाऊन तिथल्या बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटले होते. पुढे 1950-60 च्या दशकांत त्याच गिरण्यांत रात्रपाळीला माणसे मिळेनात, तेव्हा पाकिस्तान आणि गुजरातकडचे लोक तिथे गेले आणि स्थायिक झाले.

1830 साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. नंतर लॉरी आली. कालव्यांचा माल हळूहळू गेला. 1948 मध्ये बहुतेक कालवे सरकारच्या ताब्यात आले आणि 2012 पासून इंग्लंड-वेल्समधले सुमारे 3,200 किलोमीटरचे जाळे एक ट्रस्ट सांभाळतो. आता त्यावर मुख्यतः सैलानी बोटी फिरतात. म्हणजे धंदा गेला, पण वाट बुजवली नाही.

हिंगणघाट ते काकीनाडा: आपल्याकडचा प्रयोग

असाच प्रयोग आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला झाला होता आणि तोही खास कापसासाठी. आपल्या बाजारात ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे.

वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले आणि 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले. देशातला उत्तम कापूस इथे पिकत होता. हिंगणघाटचा कापूस तर लिव्हरपूलच्या बाजारात त्याच नावाने ओळखला जाई. पण तो बंदरापर्यंत न्यायचा कसा? बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर. काही मुंबईला, काही थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला. महिनोन् महिने लागत. वाटेत धूळ बसे, पाऊस लागे आणि मालाचा दर्जा उतरे.

त्या वेळी आर्थर कॉटन नावाचा इंजिनियर गोदावरीच्या मुखाशी काम करीत होता. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा त्याने 1852 साली पुरा केला. तिथले कालवे शेतीलाही पाणी देत आणि लॉक असल्यामुळे बोटीही वाहत. त्याचे म्हणणे असे की हिंदुस्थानला रेल्वेपेक्षा पाण्याची वाट स्वस्त पडेल. त्याने नकाशावर बोट ठेवले. हिंगणघाट वेणा नदीवर आहे. वेणा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी थेट समुद्राला जाते. म्हणजे कापसाच्या शेतापासून काकीनाड्याच्या बंदरापर्यंत पाण्याची एकच सलग वाट.

अडचण तीन ठिकाणी होती. तिथे नदीत खडकांच्या रांगा आहेत आणि पाणी उसळत खाली येते. इंग्रज त्यांना पहिला, दुसरा आणि तिसरा अडथळा म्हणत. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला. दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला. तिसरा प्राणहितेवर देवलमरीला, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात अहेरी तालुक्यात. प्रत्येक जागी बंधारा घालायचा, खडक टाळून बाजूने कालवा काढायचा आणि लॉकमधून बोटी चढवायच्या-उतरवायच्या, अशी योजना होती.

1861 साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिथला कापूस बंद झाला, लँकशायरच्या गिरण्या थांबल्या. मँचेस्टरवाल्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. त्यामुळे गोदावरीच्या कामाला जोर आला. कॅप्टन हेग हा इंजिनियर काम पाहत होता. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांचाही पाठिंबा होता. सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. तिथल्या ग्लासफर्ड या अधिकाऱ्याच्या नावाचे ग्लासफोर्डपेठा हे गाव सिरोंचा तालुक्यात आजही आहे.

पण घनदाट जंगल, मजुरांचा तुटवडा, हिवताप, बाहेरून आणावे लागणारे धान्य, यांनी काम रखडले. नदीला बोटीपुरते पाणी वर्षातून काही महिनेच असे. आणि मुख्य गोष्ट अशी की तीनही अडथळे पार झाल्याशिवाय हिंगणघाटची एक गाठही काकीनाड्याला जाणार नव्हती. दुम्मागुडेमचे काम बरेच झाले, पण पुढची दोन ठिकाणे बाकी राहिली. वरच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते काम झाले काय आणि न झाले काय, सारखेच.

दरम्यान अमेरिकेची लढाई 1865 ला संपली. कापसाचा भाव कोसळला. मुंबईत त्या वेळी झालेली पडझड प्रसिद्ध आहे. 1867 साली रेल्वे नागपूरला पोहोचली. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे वळला आणि कायमचा मुंबईचा झाला. 1871 मध्ये सरकारने गोदावरीचे काम थांबवले. कॉटन म्हातारपणापर्यंत विलायतेत भांडत राहिला की रेल्वेवर एवढा खर्च करता तर पाण्यावर का नाही. 1899 मध्ये तो वारला. दुम्मागुडेमचा बंधारा अजून उभा आहे. गोदावरी-प्राणहितेने नंतर अनेक वर्षे सागाचे ओंडके वाहून नेले, कापूस मात्र नाही.

लीड्स-लिव्हरपूल आणि गोदावरी, दोन्ही जवळपास सारख्या हेतूची कामे. एकाने 46 वर्षे दम धरला, दुसऱ्याने दहा. फरक इंजिनियरच्या हुशारीचा नव्हता. पहिल्याचा प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर कमाई करीत होता आणि त्याचे मालक तिथलेच व्यापारी होते. दुसऱ्याचा अर्धा भाग निरुपयोगी होता आणि निर्णय घेणारे दूर बसले होते. वऱ्हाडच्या आडत्याला किंवा हिंगणघाटच्या शेतकऱ्याला त्यात आवाज नव्हता. 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 4 ची हद्द गोदावरीवर भद्राचलमहून वर नाशिकपर्यंत वाढवली आहे. कागदावर ही वाट पुन्हा आली आहे. पण कागदावर ती 1860 सालीही होती.

आता आपली खाडी

हे सर्व भिवंडीच्या वाचकाला का सांगायचे? कारण आपलेच गाव मुळात बंदर आहे. शेजारच्या कल्याणचा उल्लेख पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या पुस्तकात ‘कलियेना’ म्हणून येतो. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत जहाजे बांधायला सुरुवात केली. कोकणी मुसलमानांतल्या नाखुदा, तांडेल या आडनावांनीच सांगावे की त्यांच्या वडीलधाऱ्यांचा धंदा काय होता. 1853 ला ठाण्यापर्यंत आणि 1854 ला कल्याणपर्यंत आगगाडी आली. ती भिवंडीला बगल देऊन गेली. खाडीत गाळ साठत गेला. नंतर रेतीच्या होड्यांशिवाय खाडीत विशेष काही दिसेनासे झाले. 1930 च्या दशकापासून आलेले यंत्रमाग आणि नंतरची गोदामे यांनी सगळा भार रस्त्यावर टाकला.

आपल्या खाडीला लॉकची गरज नाही. विलायतेला जे काम दरवाजे आणि तलाव बांधून करावे लागले, ते इथे भरती दिवसातून दोनदा फुकट करते. जुने तांडेल भरतीबरोबर आत येत आणि ओहोटीबरोबर बाहेर जात. आपली अडचण चढाची नाही, गाळाची आणि पुलांची आहे.

2016 च्या त्याच कायद्याने देशात एकूण 111 राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यांतला क्रमांक 53 हा कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग, वसईची खाडी आणि उल्हास नदी मिळून 145 किलोमीटर. काल्हेर, कोलशेत, डोंबिवली आणि मीरा-भाईंदर इथे जेटी बांधण्याच्या योजना मंजूर झाल्या. फेब्रुवारी 2024 पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली आणि माणसे गाड्यांसकट खाडी ओलांडू लागली. म्हणजे खाडीत बोट चालते, हे आता सिद्ध करायचे उरलेले नाही.

पण जी चर्चा होते ती बहुतेक प्रवाशांची. मालाचे कोणी बोलत नाही. काल्हेर म्हणजे गोदामांचे गाव. पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली सगळे आसपास. मालाची जेटी इथे नाही तर कुठे असावी? 2020 साली भिवंडी रोड स्थानकातून पार्सल गाड्या सुरू झाल्या तेव्हा रस्त्याशिवाय दुसरी वाट दिली तर माल वळतो हे दिसलेच.

हिंगणघाटच्या व्यापाऱ्याला जे विचारता आले नाही ते आपण वेळेवर विचारले पाहिजे. ओहोटीलाही बारा महिने किती फूट पाणी राहील, आणि दरवर्षी गाळ कोण काढणार? माल भरलेली बोट कशेळीच्या आणि बाकीच्या पुलांखालून जाईल का? गोदामापासून जेटीपर्यंत ट्रक जाईल असा रस्ता कोण करणार? तिथे छप्पर असलेले शेड आणि क्रेन असेल का? सूत आणि ग्रे कापड भिजले तर डाग पडतो, त्यामुळे शेड नसलेली जेटी आपल्या कामाची नाही. माल दोनदा जास्त चढवावा-उतरवावा लागेल, त्या हमालीचा हिशेब धरूनही भाडे कमी पडते का? पावसाळ्याच्या चार महिन्यांत काय? खारफुटीला हात न लावता आणि खाडीवर पोट असलेल्या कोळी बांधवांची जाळी न तोडता हे कसे करायचे?

यांतला एक दुवा जरी तुटका राहिला तरी बाकीचा खर्च दुम्मागुडेमच्या बंधाऱ्यासारखा उभा राहील आणि माल ट्रकनेच जाईल. उलट काल्हेरपासून समुद्रापर्यंतचा एकच तुकडा नीट चालू झाला, तर पुढचे कल्याणपर्यंतचे काम त्याच्या कमाईवर मागता येईल. लीड्स-लिव्हरपूलवाल्यांनी हेच केले.

सरकारी दफ्तरात तक्रारीला वजन नसते, आकड्याला असते. आपल्याकडे आकडे आहेत, पण ते प्रत्येकाच्या बिल्टीबुकात बंद आहेत. यंत्रमागवाले, सूत व्यापारी, गोदामवाले आणि ट्रान्सपोर्टवाले यांनी एका महिन्याच्या बिल्ट्या काढाव्यात. न्हावा शेवाला किती गेले, मुंबईला किती, गुजरातकडे किती, त्यांतला घाई नसलेला माल किती आणि त्यावर भाडे व वेटिंग किती लागले, याचा एकच तक्ता करावा. मग संघटनांनी तो घेऊन महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावे. जेटीचे नकाशे प्रवाशांच्या हिशेबाने पक्के होण्याआधी तो तिथे पोहोचला पाहिजे. एकदा काँक्रीट पडले की क्रेनसाठी जागा मागून मिळत नाही.